एका गोऱ्या शेतकऱ्याचे घराणे



वसंतातल्या या व्याख्यानांना येणारा श्रोता मोठा चोखंदळ असतो. काल येथे विद्वान बोलून गेले, उद्याही विद्वानच बोलणार आहेत. मधला हा एक दिवस चालकांनी आम्हाला दिला. आमचे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे दिवसा कारखाना आणि संध्याकाळी नगर वाचनालय. इंग्रजी आम्ही शिकलो ते कारखान्यातल्या नोटिसा आणि एक फाटका शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा उच्चार चुकले तर हसून घ्या, पण मुद्दा चुकला तर उभे राहून विचारा, एवढीच प्रारंभी विनंती.

युनियनचा माणूस म्हटला की तो मजुरांविषयी बोलणार, असे आपण धरून चाललेले असता. आज आम्ही एका मालकाच्या घराविषयी बोलणार आहोत. हा मालक आफ्रिकेतल्या दक्षिण ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिंबाब्वेत, शेती करणारा एक इंग्रज होता. नाव आल्फ्रेड टेलर. तो लॉर्ड नव्हता, गव्हर्नर नव्हता. त्याच्या मुलीने, डोरिस लेसिंग या लेखिकेने, आपल्या आईबापांविषयी आयुष्यभर लिहिले, म्हणून त्याचे नाव आपल्याला ठाऊक. या बाईंना २००७ साली वाङ्मयाचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण आज आमचा विषय पारितोषिक नाही. साम्राज्य म्हणतात ते एका साध्या घरात, एका कर्जबाजारी माणसाच्या ओसरीवर कसे नांदत होते, ते आम्हाला पाहावयाचे आहे.

हा आल्फ्रेड टेलर मूळचा इंग्लंडातला बँकेचा कारकून. त्याला पहिल्यापासून शेतकरी व्हायचे होते, पण नशिबी आले खर्डेघाशीचे टेबल. तेवढ्यात १९१४ चे महायुद्ध आले. तो सैन्यात गेला. पाशेंडेलच्या लढाईच्या थोडे आधी त्याच्या पायाला तोफगोळ्याचे तुकडे लागले आणि पाय कापावा लागला. मागे राहिलेले त्याचे सोबती त्या लढाईत मारले गेले. हा एका लाकडी पायावर जगला. लंडनच्या रॉयल फ्री इस्पितळात ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली, तिचे नाव एमिली मॅकव्हे. तिचे ज्या डॉक्टरवर प्रेम होते, तो समुद्रात बुडून मेला होता. दोन जखमी माणसे एकमेकांना भेटली आणि १९१९ साली त्यांनी लग्न केले.

इंग्लंडात टेलरचे मन लागेना. ज्या देशाने तरुण पोरे तोफांच्या तोंडी दिली, त्या देशाची त्याला शिसारी आली होती. त्याने इंपीरियल बँक ऑफ पर्शियात नोकरी धरली आणि दोघे इराणात गेली. ऑक्टोबर १९१९ मध्ये केरमानशाह येथे डोरिस जन्मली, नंतर एक मुलगा झाला. बाईंना तिथले दिवस सुखाचे गेले, मेजवान्या होत्या, नोकरचाकर होते. पण नवऱ्याच्या डोक्यातली शेती काही जाईना.

१९२४ साली ते रजेवर इंग्लंडला आले. त्या वर्षी लंडनजवळ वेम्ब्ली येथे साम्राज्याचे मोठे प्रदर्शन भरले होते. हिंदुस्थानचाही तेथे मंडप होता. दक्षिण ऱ्होडेशियाच्या दालनात मक्याची टपोरी कणसे मांडलेली आणि मका पिकवून थोड्याच वर्षांत श्रीमंत व्हा, अशी जाहिरात. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी एस. टी. स्टँडवर औषध विकणारा जसा मोठ्या आवाजात खात्री देतो, तशीच ही खात्री. फरक एवढाच की, ही सरकारी होती. टेलर तेथून बाहेर पडला तो शेतकरी होऊनच. १९२५ साली नवराबायको, पाच वर्षांची मुलगी आणि धाकटा मुलगा जहाजाने आफ्रिकेला निघाली. बाईंनी बरोबर काय घेतले? पियानो, इराणी गालिचे, उंची पडद्यांचे कापड, मेजवानीचे पोशाख आणि छापील भेटीची कार्डे. रानात कोणाला भेटीची कार्डे द्यायची होती, हे त्या माउलीलाच माहीत!

सॅलिसबरीच्या, म्हणजे आजच्या हरारेच्या, वायव्येस लोमागुंडी नावाचा भाग आहे. तेथे बँकेट नावाचे रेल्वे स्टेशन. त्याच्या आसपास हजार-दीड हजार एकर रान टेलरने घेतले. रोकड होती थोडी, बाकी सरकारी लँड बँकेचे कर्ज. टेकडीच्या माथ्यावर खांब रोवून, वारुळाची माती थापून, वर गवत शाकारून घर उभे केले. आपल्या कोकणातल्या, मावळातल्या माणसाला हे घर डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. हे चार वर्षांपुरते, असे ठरले होते. चार वर्षांत श्रीमंत होऊन इंग्लंडला परत जायचे होते ना! त्या मातीच्या घरात ती माणसे जवळजवळ वीस वर्षे राहिली.

आता आपण येथे जरा थांबू. ही जमीन टेलरने विकत घेतली. पण विकणाऱ्याकडे ती कोठून आली? आमच्या युनियनमध्ये आम्ही पोरांना एक गोष्ट शिकवतो: कोणी पावती दाखवली की मागची पावती मागा. तशी ही पावती मागे मागे नेऊ.

१८८८ साली सेसिल ऱ्होड्स या धनाढ्याच्या माणसांनी माटाबेलेलँडचा राजा लोबेंगुला याच्याकडून एका कागदावर निशाणी घेतली. त्यात राजाला मिळायचे होते १,००० बंदुका, त्यांचा दारूगोळा आणि दरमहा १०० पौंड. राजाने द्यायचा होता तो खनिजे काढण्याचा हक्क. जमिनीची मालकी त्यात दिलेली नव्हती. या कागदाच्या जोरावर ऱ्होड्सने १८८९ साली ब्रिटिश राणीकडून आपल्या कंपनीसाठी सनद मिळवली. १८९० साली कंपनीची टोळी शोना लोकांच्या मुलखात शिरली आणि सप्टेंबरात सॅलिसबरी येथे झेंडा लावून मोकळी झाली. टोळीतल्या प्रत्येक गोऱ्या पायोनियरला ३,००० एकर जमीन आणि सोन्याचे १५ पट्टे देण्याचे आधीच कबूल झाले होते. १८९३ साली लोबेंगुलाशी युद्ध झाले, त्याचे राज्य बुडाले. १८९६ साली शोना आणि एन्डेबेले लोक उठले. ते बंड मोडून काढल्यावर १८९८ साली नेहांडा नावाच्या भगत स्त्रीला आणि कागुवी या भगताला फाशी दिले. पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलात वाद गेला की, वाटून न दिलेली जमीन कोणाची? कंपनीची की तेथल्या लोकांची? १९१८ साली निकाल लागला: कंपनीचीही नाही, लोकांचीही नाही, ती बादशहाची!

अशी ही पावती आहे. टेलरने यातले काही केले नव्हते. १८९० साली तो इंग्लंडात कोवळे पोर होता. पण त्याच्या खरेदीखताच्या पाठीमागे हे सारे कागद चिकटलेले होते.

जमीन मिळाली, पण एका पायाचा माणूस हजार एकर एकट्याने नांगरणार होता काय? मजूर हवे होते. आणि आफ्रिकेतला माणूस आपली शेती, आपली गुरे सोडून परक्याच्या शेतावर का येईल? हा प्रश्न टेलरच्या आधीच्या लोकांनी सोडवून ठेवला होता. १८९४ साली झोपडीमागे १० शिलिंग कर बसवला. १९०४ साली तो प्रत्येक प्रौढ पुरुषामागे १ पौंड झाला. एका पौंडाचे २० शिलिंग. कर रोख द्यायचा आणि रोख पैसा गोऱ्याच्या शेतावर किंवा खाणीतच मिळायचा. १९३० च्या सुमारास शेतमजुराला महिन्याकाठी दहा-पंधरा शिलिंग आणि मक्याचे पीठ मिळे. म्हणजे वर्षातली दीड-दोन महिन्यांची मजुरी नुसत्या कराची. आणि महिना तरी कसला? ‘तिकीट’ नावाचा कागद असे. त्यावर तीस दिवसांच्या खुणा भरल्या की महिना झाला. पावसाचा खाडा, आजाराचा खाडा, सगळे वजा. तीस खुणा भरायला सहा आठवडेही लागत. हजेरीपटाची ही लबाडी आपल्या ऊसतोड आणि वीटभट्टीवरच्या बायाबापड्यांना समजावून सांगावी लागणार नाही.

मजुराने काम सोडून जायचे म्हटले तर? १९०१ पासून तेथे ‘मास्टर्स अँड सर्व्हंट्स’चा कायदा होता. करार मोडून निघून जाणे, हुकूम न ऐकणे, हा दिवाणी तंटा नव्हे, तो फौजदारी गुन्हा. नोंदणीचा दाखला जवळ नसेल तर पोलीस धरणार. हे ऐकून आपल्यापैकी कोणी म्हणेल की, आफ्रिकेतच असले कायदे चालायचे. तसे नाही. उचल घेऊन काम सोडणाऱ्या कारागिराला तीन महिने कैदेत टाकणारा कायदा आपल्या देशातही १८५९ साली झाला होता. तो रद्द करणारा कायदा यायला १९२५ साल उजाडले. ज्या वर्षी आपल्याकडच्या मजुराच्या गळ्यातून तो फास काढायचे ठरले, त्याच वर्षी टेलर आफ्रिकेत उतरला आणि तेथल्या फासाची दोरी त्याच्या हाती आली.

आता या घराचे पुढे काय झाले ते सांगतो.

बाई आल्यानंतर थोड्याच दिवसांत अंथरुणाला खिळल्या. हृदय बिघडले आहे, असे त्या म्हणत. वर्षभर त्या पडून होत्या. उठल्या तेव्हा मेजवानीचे पोशाख ट्रंकेत गेले होते आणि पुढे पोरांच्या खेळायला आले. एका मोठ्या इस्पितळाची मेट्रन होऊ शकली असती, अशी ती कर्तबगार बाई. तिची सारी कर्तबगारी मातीच्या चार भिंतींत कोंडली गेली आणि ती पोरांवर, विशेषतः मुलीवर, जाच होऊन बरसली. शेतावरच्या मजुरांची दुखणीखुपणी मात्र ती पाहत असे, त्यांना औषधे देत असे. आम्ही हे मुद्दाम सांगतो, कारण ते खरे आहे.

मक्याने काही केल्या श्रीमंती दिली नाही. १९२९ नंतर जगभर मंदी आली आणि मक्याचा भाव कोसळला. टेलरने तंबाखू करून पाहिला, तोही अंगावर आला. पुढे मधुमेह जडला. मग या माणसाला सोन्याचे वेड लागले. त्या भागात सोने निघत होतेच. पाणाड्या जसा काठी हातात धरून पाणी शोधतो, तसे काठीने जमिनीतले सोने शोधता येईल, असे त्याच्या मनाने घेतले. वर्षामागून वर्षे तो लाकडी पाय ओढीत आपल्या रानात फिरत होता, खड्डे खणून घेत होता. सोने निघाले नाही. कर्ज मात्र वाढत राहिले.

येथे आपल्या मनात कणव येते. आमच्याही आली. पण आमचा धंदा हिशेबाचा आहे. ही मंदी एकट्या टेलरवर आली नव्हती, ती काळ्या शेतकऱ्यावरही आली होती. सरकारने काय केले? १९३१ आणि १९३४ साली मक्याच्या विक्रीवर नियंत्रणाचे कायदे केले. देशात विकला जाणारा मका चढ्या भावाचा आणि परदेशी जाणारा पडत्या भावाचा, असे दोन भाग पाडले. छोट्या गोऱ्या शेतकऱ्याला चढ्या भावातला मोठा वाटा दिला आणि आफ्रिकन शेतकऱ्याचा मका बहुतांशी पडत्या भावात ढकलला. म्हणजे टेलरसारखा माणूस तगून राहिला तो कोणाच्या जिवावर, हे उघड आहे.

आणि १९३० चा जमीनवाटपाचा कायदा ऐका. देशातली सुमारे ४ कोटी ९० लाख एकर जमीन गोऱ्यांसाठी राखली. गोरे होते सुमारे ५०,०००. आफ्रिकनांची संख्या दहा लाखांहून अधिक. त्यांना राखीव मुलूख सुमारे २ कोटी १० लाख एकर आणि विकत घेता येईल असा मुलूख ७५ लाख एकर. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन भागाकार केला. गोऱ्याच्या वाट्याला, तान्ह्या पोरासकट, माणशी जवळजवळ एक हजार एकर येतात. आफ्रिकनाच्या वाट्याला येतात माणशी पंचवीस-सव्वीस. आणि ती पंचवीसही बहुधा हलकी जमीन, रेल्वेपासून दूर.

टेलर गरीब होता, पण त्याची गरिबी हजार एकरांवर बसलेली होती, हे विसरून चालणार नाही.

माणूस म्हणून तो कसा होता? मुलीच्या लिहिण्यावरून दिसते ते असे की, तो क्रूर नव्हता. विचारी होता. रात्री ओसरीवर बसून तारे पाहणारा होता. त्याच्या शेतावर न्यासालँडहून, म्हणजे आजच्या मलावीहून, आलेला एक वृद्ध मुकादम होता. मालक त्याला ‘ओल्ड स्मोक’ म्हणत. ‘स्मोक’ म्हणजे धूर. कोणत्या आईने पोराचे नाव धूर ठेवले असेल? तर या दोघा म्हाताऱ्यांचे चांगले जमे. दोघे तास न् तास बसत, पिकापाण्यापासून जगरहाटीपर्यंत सावकाश बोलत. पण बैठक उठली की एक जण टेकडीवरच्या घरात जाई आणि दुसरा खाली झोपड्यांत. दुसऱ्या दिवशी तिकिटावर खूण करणारा हात कोणाचा, हे दोघांनाही ठाऊक होते.

येथे आम्हाला आमची एक चूक सांगितली पाहिजे. तिच्यामुळेच या घराण्याची गोष्ट आम्ही पुन्हा पुन्हा वाचली.

काही वर्षांपूर्वी एका छोट्या कारखानदाराकडे आमची युनियन होती. बावीस कामगार. मालक भला माणूस. कामगाराच्या घरी लग्न असले की अहेर घेऊन जाणारा. पगारवाढीची बोलणी सुरू झाली तेव्हा त्याने आम्हाला घरी बोलावले. बँकेची नोटीस पुढे ठेवली, बायकोचे दागिने गहाण पडल्याच्या पावत्या दाखवल्या. आतून चहा आला, तो आणताना त्या माउलीचे हात मोकळे होते. आमचे मन विरघळले. आम्ही गेट मीटिंग घेतली, मालकाची सारी हकीकत कामगारांना सांगितली आणि सहा महिने वाढ मागू नका, असा सल्ला दिला. त्यांनी तो मानला. त्या सहा महिन्यांची तीन वर्षे झाली. प्रॉव्हिडंट फंडही भरला जात नव्हता, हे नंतर कळले. शेवटी कारखाना बंद पडला तेव्हा एक जुना फिटर आमच्याजवळ येऊन शांतपणे म्हणाला, “भाऊ, शेठच्या घरची हकीकत तुम्ही आम्हाला सांगितलीत. आमच्या घरची हकीकत त्याला सांगितली होती काय?”

मंडळी, आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. मालक खोटे बोलला नव्हता. त्याची आपत्ती खरी होती. पण आमच्या कणवेचे बिल बावीस घरांनी भरले. कणव करणाऱ्याने स्वतःच्या खिशातून करावी, दुसऱ्याच्या हजेरीपटातून करू नये, हे आम्हाला फार उशिरा समजले.

टेलरच्या गोष्टीत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. एक अख्खे सरकार आपल्या गरीब गोऱ्यांची कणव करीत होते आणि बिल काळ्या माणसाकडे पाठवीत होते. १९३४ साली तेथे औद्योगिक सलोख्याचा कायदा झाला. कामगार आणि मालक यांनी समोरासमोर बसून तंटे मिटवावेत, असा मोठा शहाणा कायदा. फक्त त्यात ‘कामगार’ या शब्दाची व्याख्या करताना आफ्रिकन माणूस वगळला होता. कायद्याच्या दृष्टीने दगड फोडणारा, इंजिनात कोळसा घालणारा, मका खुडणारा हा माणूस कामगारच नव्हता! मग त्याची युनियन कुठली?

तरीही युनियन आली. न्यासालँडच्याच क्लेमेन्ट्स काडाली या माणसाने १९१९ साली केपटाऊनला मोठी कामगार संघटना उभारली होती. १९२७ साली तिचा प्रचारक बुलावायोला आला, त्याला सरकारने हद्दपार केले. पण मासोत्शा एन्डलोव्हू, चार्ल्स म्झिंगेली अशा माणसांनी काम धरून ठेवले. ऑक्टोबर १९४५ मध्ये बुलावायोच्या रेल्वे कामगारांनी संप केला आणि तो उत्तरेच्या मुलखापर्यंत पसरला. एप्रिल १९४८ मध्ये बुलावायो शहरच बंद पडले, मागोमाग सॅलिसबरी. कायद्याने जे कामगार नव्हते त्यांनी काम थांबवले, तेव्हा ते कामगार होते हे सरकारला कळले.

या गोष्टीतली मुलगी आता मोठी झाली होती. तिने चौदाव्या वर्षी शाळा सोडली. पुढे कॉलेज नाही, काही नाही. लंडनहून पुस्तकांची पार्सले येत, ती टेकडीवरच्या घरात बसून वाचायची. आमचे तिच्याशी नाते जुळले ते येथे. पंधराव्या वर्षी ती दुसऱ्याची मुले सांभाळायला गेली, मग सॅलिसबरीला टेलिफोन ऑपरेटर झाली. युद्धाच्या काळात तेथल्या एका छोट्या डाव्या गटात शिरली. म्झिंगेली यांची ओळख तिला तेव्हाच झाली. गट जवळजवळ सगळा गोऱ्यांचाच होता. आपण काळ्या जनतेविषयी बोलत होतो आणि काळी जनता आपल्यात नव्हतीच, हे तिने पुढे स्वतःच मोकळेपणी सांगितले आहे.

१९४७ साली बाप वारला. १९४९ साली ती लहान मुलाला घेऊन लंडनला गेली, तेव्हा एका कादंबरीचे हस्तलिखित तिच्यापाशी होते. ‘द ग्रास इज सिंगिंग’ या नावाने ते १९५० साली छापले गेले. त्यात एक अपयशी गोरा शेतकरी आहे, त्याची मनाने खचलेली बायको आहे आणि तिचा खून करणारा काळा नोकर आहे. शेजारचे गोरे त्या शेतकऱ्यावर चिडलेले असतात, ते तो गरीब आहे म्हणून. गोरा माणूस गरीब दिसला तर साऱ्या गोऱ्यांचा दरारा कमी होतो ना! १९५६ साली ती आपल्या मुलखात फिरून आली आणि त्यानंतर तिला दक्षिण ऱ्होडेशियात आणि दक्षिण आफ्रिकेत प्रवेशबंदी झाली. ज्या मातीत ती वाढली, तेथे तिला पाऊल टाकायची मनाई. आईशी तिचे शेवटपर्यंत जमले नाही. १९५७ साली आई गेली.

धाकटा भाऊ मात्र त्याच मुलखाचा होऊन राहिला. तो आरमारात होता. १० डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानांनी ‘रिपल्स’ ही युद्धनौका बुडवली, तीतून तो वाचला. एकाच घरातली ही दोन मुले, एकाच ओसरीवर वाढलेली. ११ नोव्हेंबर १९६५ रोजी इयन स्मिथ, जो स्वतः शेतकरीच होता, त्याच्या गोऱ्या सरकारने काळ्यांना सत्ता द्यावी लागू नये म्हणून ब्रिटनपासून परस्पर स्वातंत्र्य पुकारले. पुढे वर्षानुवर्षे युद्ध झाले. १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वे खरा स्वतंत्र झाला. बहिणीची बंदी उठली आणि भाऊ देश सोडून दक्षिण आफ्रिकेला गेला. एक परत आली, दुसरा निघून गेला. घराण्याची वाटणी अशीही होते.

आणि जमीन? १९७९ च्या लंडनच्या करारात असे ठरले की, दहा वर्षे तरी जमीन घ्यायची ती विकायला तयार असेल त्याच्याचकडून. म्हणून मोठा भाग गोऱ्यांकडेच राहिला. २००० सालानंतर ती सरसकट काढून घेतली गेली. पुष्कळ गोऱ्यांची शेते गेली, काहींचे प्राण गेले. जमीन पुष्कळ लहान शेतकऱ्यांना मिळाली, हे खरे. चांगल्या जमिनी सत्तेजवळच्या लोकांनीही घेतल्या, हेही खरे. २०२० साली सरकार आणि गोरे शेतकरी यांच्यात साडेतीन अब्ज डॉलरांच्या भरपाईचा करार झाला. ही भरपाई जमिनीची नव्हे, जमिनीवर केलेल्या सुधारणांची: विहिरी, बंधारे, घरे, गोठे.

आता पुन्हा तो फिटरचा प्रश्न विचारा. विहिरी कोणी खणल्या? बंधाऱ्याचे दगड कोणी वाहिले? त्या शेतांवर तीन लाखांहून अधिक मजूर कामाला होते. कित्येकांचे आजे-पणजे ओल्ड स्मोकसारखे मलावीहून, मोझांबिकहून आलेले. २००१ नंतर नागरिकत्वाचे नियम कडक झाले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांना ‘तुम्ही परदेशी’ असे सांगण्यात आले. गोऱ्याच्या राज्यात ते परके मजूर होते, काळ्याच्या राज्यातही परकेच ठरले. जमिनीच्या वाटपात त्यांच्यातल्या थोड्यांनाच जागा मिळाली. शेतावरची झोपडी नोकरीबरोबर मिळालेली, ती नोकरीबरोबर गेली.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे गोऱ्यांचेच राज्य बरे होते, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय? मुळीच नाही. चोरीची जमीन परत घेतलीच पाहिजे होती. आमचे म्हणणे एवढेच की, जमीन एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेली म्हणजे न्याय पुरा होत नाही. ज्याच्या घामाचा हिशेब पहिल्या मालकाने ठेवला नाही, त्याचा दुसऱ्याने ठेवला की नाही, हे विचारावेच लागते. आणि तो प्रश्न फक्त आफ्रिकेपुरता नाही.

लेसिंगबाईंनी अखेरच्या दिवसांत, २००८ साली, आईबापांवर एक पुस्तक लिहिले: ‘आल्फ्रेड अँड एमिली’. त्यांचे वय तेव्हा नव्वदीला आले होते. त्या पुस्तकाच्या पहिल्या भागात त्यांनी महायुद्ध झालेच नाही असे कल्पून आईबापांना त्यांचे न जगलेले आयुष्य दिले आहे. त्यात बाप इंग्लंडातच सुखाने शेती करतो, त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत. आई मोठी कामे करते. वाचताना आमचे डोळे भरून आले. मुलीने आईबापांचे ऋण फेडावे ते असे.

पण पुस्तक मिटल्यावर आमच्या मनात आले की, त्या म्हाताऱ्या मुकादमालाही एक न जगलेले आयुष्य होते. कर नसता, कागदाचे तिकीट नसते, तर तोही आपल्या गावच्या सरोवराकाठी आपल्या आईने ठेवलेल्या नावाने म्हातारा झाला असता. ते पुस्तक कोण लिहिणार? नोबेलच्या भाषणात बाईंनी झिंबाब्वेतल्या एका शाळेविषयी सांगितले. तेथे मुलांपाशी पुस्तकेच नव्हती आणि पुस्तकांसाठी सगळे आसुसलेले होते. आम्हाला वाटते, त्या न लिहिलेल्या पुस्तकाचा लेखक तसल्याच एखाद्या शाळेत बसलेला असेल. त्याच्यापर्यंत वही-पुस्तक पोहोचले पाहिजे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वंशावळी असतील, आजोबांच्या कर्तबगारीच्या गोष्टी असतील. त्या मुलांना जरूर सांगा. फक्त सांगताना त्या घरी पाणी कोण भरत होते, शेत कोण नांगरत होते, त्यांची नावे काय होती, हेही आठवून पाहा. आठवली तर गोष्टीत घाला. आठवली नाहीत, तर नावे आठवत नाहीत असे मुलांना सांगा. तेही घराण्याच्या इतिहासातलेच एक प्रकरण आहे.